केल्टिक आणि नॉर्स चिन्हं वापरताना या चुका टाळा

टॅटू किंवा पेंडंटसाठी केल्टिक (जुन्या केल्ट लोकांचं, आज मुख्यतः आयर्लंड-ब्रिटनशी जोडलेलं) किंवा नॉर्स (स्कँडिनेव्हियातलं, व्हायकिंगांचं) चिन्ह शोधायला बसलं की तयार तक्ते हाती लागतात. प्रत्येक आकृतीखाली एकेक गुळगुळीत अर्थ: शौर्य, अखंड प्रेम, संरक्षण. ती आकृती कोणत्या काळातल्या कोणत्या वस्तूवर सापडली, हे मात्र त्यात नसतं. नेमकं तेच आधी तपासायला हवं.

वेगविसिरला व्हायकिंग म्हणणं

सर्वांत जास्त फसगत इथे होते. व्हायकिंग काळ साधारण 793 ते 1066. ‘व्हायकिंग होकायंत्र’ म्हणून खपणारी वेगविसिर ही आठ भुजांची आकृती मिळते ती आइसलँडच्या हुल्द हस्तलिखितात, जे गेइर विग्फुसॉन यांनी 1860 मध्ये संकलित केलं. हे चिन्ह जवळ बाळगणारा वादळात वाट चुकत नाही, असं तिथे लिहिलंय. म्हणजे अर्थ बरोबर, वय चुकीचं.

रेखाटनातही गडबड होते. वेगविसिरच्या आठही भुजांची टोकं वेगवेगळी असतात. आठही सारखी दिसली तर ते एगिस्‌ह्याल्मुर, दुसरंच आइसलँडी चिन्ह. भोवतीचं रून (जुन्या जर्मानिक लिपीतल्या) अक्षरांचं कडंही मूळ चित्रात नाही, ती नंतरची भर. स्टेन्सिल उलटं लागलं तर भुजांचा क्रम आरशातल्यासारखा फिरतो, म्हणून त्वचेवर उमटवण्याआधी मूळ चित्राशी एकेक भुजा जुळवून बघा.

तिहेरी सर्पिलाला केल्टिक ठरवणं

आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजच्या दगडांवर हे सर्पिल आहे आणि ते स्मारक इ.स.पू. 3200च्या आसपासचं. केल्टिक भाषा आणि ला तेन शैलीची (लोहयुगातल्या केल्ट लोकांची) कला तिथे पोचली ती कितीतरी शतकांनंतर. ‘आयर्लंडच्या नवाश्मयुगातलं’ म्हणा, चूक होणार नाही. त्याचा अर्थ मात्र कोणीही लिहून ठेवलेला नाही, त्यामुळे ‘माता-कन्या-वृद्धा’ वगैरे आधुनिक कल्पना आहेत हे धरूनच चाला.

गाठींना द्रुइड या प्राचीन केल्टिक पुरोहितांपर्यंत नेणं

ला तेन कलेत वेली आणि वळणदार रेषा आहेत, पण आज ‘केल्टिक नॉट’ म्हणून ओळखलं जाणारं विणकाम नाही. ते सातव्या शतकापासून ख्रिस्ती मठांतल्या हस्तलिखितांत बहरलं. इ.स. 800च्या आसपासचं बुक ऑफ केल्स हे त्याचं शिखर. त्यामागे रोमन मोझेइकातल्या वेण्या आणि जर्मानिक प्राणी-नक्षी अशी उसनवारीही आहे. ‘या गाठीचा अर्थ बहीण, त्या गाठीचा आई’ असं सांगणारे तक्ते दुकानदारी आहेत.

वाल्कनुट हे नाव जुनं समजणं

एकमेकांत गुंतलेले तीन त्रिकोण खरोखर जुने आहेत. स्वीडनच्या गॉटलँड बेटावरच्या स्तोरा हाम्मार्स दगडावर ते दिसतात. त्यांना वाल्कनुट म्हणण्याची पद्धत मात्र आधुनिक. नॉर्स देव ओडिनशी लावलेला संबंध चित्रांवरून काढलेला तर्क आहे, लेखी पुरावा नाही. अस्सल व्हायकिंग काळातलं चिन्ह हवं असेल तर नॉर्स देव थॉरचा हातोडा घ्या. डेन्मार्कच्या कोबेलेव्हला मिळालेल्या पेंडंटवर रून लिपीत ‘हा हातोडा आहे’ असंच कोरलंय, याहून स्पष्ट पुरावा काय हवा!

रूनमध्ये नाव लिहिताना

टॅटूवाले बहुधा 24 अक्षरांचं थोरलं फुथार्क (रून वर्णमाला) वापरतात. व्हायकिंग काळात चालत होतं ते 16 अक्षरांचं धाकटं. त्यात क आणि ग यांना एकच खूण, त आणि द यांनाही एकच. त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगमधलं एकेक अक्षर बदलत बसू नका, उच्चार ऐकून लिहा. ओथाला हे रून नाझींच्या एसएस दलाच्या एका तुकडीने चिन्ह म्हणून वापरलं होतं. युरोपात राहणाऱ्यांनी ते टाळलेलं बरं. डेन्मार्कच्या स्नोल्डेलेव्ह दगडावर स्वस्तिकही आहे, पण आपल्या उंबऱ्यावरचं स्वस्तिक आणि तिकडची त्याची आजची ओळख यांत फार अंतर आहे, हे ध्यानात ठेवा.

ट्रिक्वेट्रा काढताना गाठ सुटणं

ट्रिक्वेट्रा म्हणजे तीन कमानींची गुंफलेली गाठ. 6 सेंमी बाजूचा समभुज त्रिकोण काढा. प्रत्येक बाजूच्या मध्यावर कंपासचं टोक ठेवून 3 सेंमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ त्रिकोणाच्या आतल्या दिशेने काढा. ते उरलेल्या दोन बाजूंच्या मध्यांतून जातं आणि कोपऱ्यांजवळ किंचित बाहेर फुगतं. तसंच यायला हवं. पट्टा हवा असेल तर त्याच मध्यांवरून 2.7 आणि 3.3 सेंमीच्या दोन रेषा काढून टोकांशी जुळवून घ्या.

छेद तीनच येतात. प्रत्येक कमान एका छेदात वरून आणि दुसऱ्यात खालून गेली पाहिजे. एखादी दोन्हीकडे वरून गेली की आकृती नुसती एकावर एक ठेवल्यासारखी दिसते, गुंफलेली नाही.

मोठ्या चौकटीतल्या वेणीला ठिपक्यांचा हिशोब आधी करा. ठिपक्यांभोवती रेषा वळवत नेणाऱ्या कोलम या दक्षिण भारतीय रांगोळीतही हाच हिशोब चालतो: 3×4 ठिपके घेतले तर एकच अखंड दोरा निघतो, 4×6 घेतले तर दोन. दोन्ही आकड्यांचा मसावि काढा, तेवढे दोरे. कुठेही वर-खाली क्रम बिघडत असेल तर छेद नीट तपासा. एक तर एखादा सुटलाय, नाहीतर तीन रेषा एकाच बिंदूत भेटल्यात.