ट्रेलर ओढायचाय? आधी ट्रकच्या दाराची चौकट बघा
अमेरिकेत मोठा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) ओढायला पिकअप ट्रक घेताना जाहिरातीतल्या टोइंगच्या, म्हणजे ओढण्याच्या क्षमतेच्या, आकड्याला भुलू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते तिथे नेमकं त्या गाडीपुरतं छापलेलं असतं. ट्रेलरचं वजन रिकामं नव्हे, कमाल भरलेलं धरा. त्याचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडणाऱ्या जोडणीवर येतो. म्हणजे ८००० पौंडांच्या ट्रेलरचे हजारेक पौंड ट्रकच्याच अंगावर. वर चौघं जण, हिच, कूलर, कुत्रा... फोर्ड एफ-१५० वर्गातल्या (हाफ टन) बऱ्याच पिकअप ट्रकची मर्यादा इथेच संपते. सनरूफवाल्या महागड्या मॉडेलची तर आणखी लवकर, कारण ती चैनही याच हिशेबातून वजा होते. बेरीज काठावर येत असेल तर सरळ थ्री-क्वार्टर टन, म्हणजे एक पायरी वरच्या, जास्त वजन पेलणाऱ्या वर्गातला ट्रक बघा.