कॅन बसचं व्होल्टेज चेक करताना या चुका टाळा

कॅन बस म्हणजे गाडीतली मॉड्यूल, म्हणजे इंजिन, ब्रेक वगैरेचे छोटे कॉम्प्युटर, ज्यावरून एकमेकांना मेसेज पाठवतात ती कॅन हाय आणि कॅन लो अशा दोन वायरची जोडी. स्कॅनर लावला आणि एबीएस, क्लस्टर (समोरचं मीटर), स्टिअरिंग सगळीकडून कम्युनिकेशन तुटल्याचे कोड आले की बरेच जण लगेच ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला म्हणून सांगून मोकळे होतात. असं करू नका. यू०१०० कोडचा अर्थ एवढाच की बाकीच्या मॉड्यूलना इंजिन ईसीयूचा मेसेज मिळत नाहीये. का मिळत नाहीये ते कोड सांगत नाही, कदाचित ईसीयूचा फ्यूज उडाला असेल, नाहीतर त्याची अर्थची (ग्राउंडची) वायर सुटली असेल, म्हणून आधी बॅटरी, ईसीयूची सप्लाय आणि अर्थ बघा आणि मगच बसच्या वायरला हात लावा.

मोजायचं कुठे तर स्कॅनर जिथे लावतो त्या ओबीडी सॉकेटमध्ये, पिन ६ वर कॅन हाय, पिन १४ वर कॅन लो, मल्टिमीटरची काळी प्रोब पिन ४ किंवा ५ च्या अर्थवर. हायस्पीड कॅनमध्ये बस शांत असते तेव्हा दोन्ही वायर साधारण २.५ व्होल्टवर असतात आणि मेसेज जाताना हाय ३.५ पर्यंत वर जाते, लो १.५ पर्यंत खाली येते. आता सगळ्यात जास्त होणारी चूक, लोक मल्टिमीटरवर ३.५ आणि १.५ शोधत बसतात! ५०० केबीपीएसला (सेकंदाला ५ लाख बिट) एक बिट फक्त २ मायक्रोसेकंदाचा असतो, मल्टिमीटर तो पकडूच शकत नाही, तो सरासरी दाखवतो. त्यामुळे हायवर २.६-२.७ आणि लोवर २.३-२.४ च्या आसपास आलं, दोघांची बेरीज ५ च्या जवळ आली, तर साधारण ठीक आहे असं समजा. पण सरासरी बरोबर आली म्हणजे सिग्नल चांगला आहे असं नाही, अधूनमधून येणारा फॉल्ट असेल तर सिग्नलचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोपच लावावा लागतो.

इग्निशन बंद करून व्होल्टेज मोजणं ही दुसरी चूक. बस झोपली की दोन्ही वायर शून्याच्या जवळ येऊ शकतात आणि मग शॉर्ट नसताना शॉर्ट शोधण्यात दिवस जातो.

रेझिस्टन्सचं बरोबर उलटं आहे, तो मोजताना बॅटरी काढलेलीच हवी, चालू बसवर ओहम मोजले तर आकडा काहीही येतो. बसच्या दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात म्हणून ६ आणि १४ मध्ये ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक रेझिस्टर सर्किटच्या बाहेर आहे, म्हणजे वायर तुटलीये किंवा त्या टोकाचं मॉड्यूल निघालंय. ४० आले तर कुठेतरी तिसरा १२० चा रेझिस्टर जोडला गेलाय. शून्याजवळ आलं तर हाय आणि लो एकमेकांना चिकटलेत, अशा वेळी व्होल्टेज दोन्हीवर सारखंच दिसतं.

आणि ६० आले की खूश होऊन थांबू नका प्लीज. एखादी वायर बॉडीला लागली असेल तरी ६ आणि १४ मध्ये ६० च येणार. गंमत म्हणजे हाय वायर अर्थला लागली की लो पण तिच्याबरोबर खाली खेचली जाते, कारण मध्ये फक्त ६० ओहम आहेत, त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवरून नेमकी कुठली वायर लागलीये ते पटकन कळत नाही. बॅटरी काढलेली असतानाच दोन्ही वायरचा अर्थबरोबर रेझिस्टन्स घ्या, जिचा शून्याजवळ येईल ती लागलेली, दुसरी ६० च्या आसपास दाखवेल.

सगळ्या वायर हायस्पीड कॅन आहेत असं धरून चालणं पण महागात पडतं. लिन ही वेगळी, हळू चालणारी बस, तिची एकच वायर असते आणि शांत असताना तिच्यावर जवळजवळ बॅटरीएवढं व्होल्टेज असतं, ते बघून कोणी बॅटरीला शॉर्ट म्हणतं पण ते नॉर्मल आहे. जुन्या फॉल्ट-टॉलरंट (एक वायर बिघडली तरी चालणाऱ्या) कॅनमध्ये शांत असताना हाय शून्याजवळ आणि लो ५ व्होल्टजवळ असते, तिथे २.५ चा हिशोब लागूच होत नाही. आणि गाडीत गेटवे (वेगवेगळ्या बस एकमेकींना जोडणारं मॉड्यूल) असेल तर ओबीडी सॉकेटवर फक्त गेटवेपर्यंतची बस दिसते, आतली बस मेली असली तरी इथे सगळं छान दिसेल. म्हणून सर्किट डायग्राम आधी उघडा.

टेस्ट लॅम्प कॅनच्या वायरला लावू नका, आणि वायरचं इन्सुलेशन टोचून मोजू नका, त्या भोकातून पाणी जाऊन काही महिन्यांनी तिथेच गंज धरतो. कनेक्टरच्या मागून बारीक प्रोब घाला.

शॉर्ट आहे हे नक्की झालं की बॅटरी काढून, मीटर लावलेला ठेवून एकेक मॉड्यूलचा प्लग काढत जा. बाहेरून बसवलेला ट्रॅकर, अलार्म, म्युझिक सिस्टिम असेल तर ते सगळ्यात आधी काढा. मॉड्यूल काढल्यावर शॉर्ट गेला तरी लगेच नवीन मॉड्यूल मागवू नका, त्या प्लगमध्ये पाणी शिरलंय का, पिन वाकल्यात का ते बघा. आणि टोकाचं मॉड्यूल काढलं की ६० चे १२० होणारच, तो नवीन फॉल्ट नाही.