खाली दुकान, वर घर: नागपूरच्या महालातला जुना वाडा घेण्याआधी काय तपासायचं

महाल, इतवारी भागातला जुना वाडा विकायला निघाला की जाहिरातीत सागवानी खांब, चौक आणि कोरीव गॅलरी असते. किंमत मात्र ठरते खालच्या दुकानांवर. दुकानदाराचे हक्क, दुकानापायी झालेली तोडफोड, वर जायचा जिना, सगळ्याचा निकाल तळमजल्यावर लागतो. पाहणी तिथूनच सुरू करा. चौक बघायला नंतर भरपूर वेळ आहे.

पहिला प्रश्न: दुकानात कोण बसलंय, आणि कशाच्या जोरावर? मालक म्हणतो, "सौदा होऊ द्या, तो उठेल." यावर एक रुपयासुद्धा लावू नका. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 लागू आहे. त्याआधी विदर्भात 1949 चा सीपी अँड बेरारचा भाडे नियंत्रण आदेश होता. भाडेकरू ठरलेलं भाडं भरतोय तोवर त्याला नुसतं उठवता येत नाही. मालक बदलला म्हणून त्याचा हक्क जात नाही; तो तुमचा भाडेकरू होतो. स्वतःच्या खऱ्या गरजेसाठी दावा करता येतो, पण तिथे कोणाची अडचण जास्त हेही कोर्ट बघतं, आणि दाव्याला वर्षं लागतात. दुकानात दुकानदाराच्या जोडीने धंदा करणारा मुलगा असेल तर बापानंतर तोही भाडेकरू ठरू शकतो. एक अपवाद कामाचा: भाडेकरू बँक असेल किंवा 1 कोटी अथवा त्याहून जास्त भरणा भांडवलाची कंपनी असेल, तर हे संरक्षण तिला नाही.

आता हिशेब. भाडं 1,200 रुपये असेल आणि कायद्याप्रमाणे वर्षाला 4 टक्के वाढ धरली, तर 10 वर्षांनी ते जेमतेम 1,776 होतं. बाजूच्या रिकाम्या दुकानाच्या भावाने या दुकानाचे पैसे मोजणं म्हणजे भाडेकरूचा हक्क स्वतः विकत घेऊन त्याला फुकट देणं. प्रत्येक भाडेकरूची शेवटची पावती, करारपत्र, पगडी (भाड्याशिवाय एकरकमी दिलेले पैसे) दिली असल्यास तिची पावती आणि चालू दाव्यांची यादी मागा. करार नोंदणीकृत नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं, हे सौद्याच्या टेबलावर कोणी सांगत नाही. मालक सोबत नसताना एकदा दुकानात जाऊन सामान घ्या आणि गप्पा मारा. भाडं कोणाला देतात, पोटभाडेकरू आहे का, मालकाच्या भावाशी वाद आहे का, सगळं कळतं.

कागदांत आधी आखीव पत्रिका, म्हणजे नगर भूमापनाचा मिळकतीचा उतारा, काढा. मौजा, सीट नंबर, नगर भूमापन क्रमांक आणि क्षेत्र प्रत्यक्ष मोजणीशी जुळवा. सत्ताप्रकाराच्या रकान्यात नझूल दिसलं तर जमीन सरकारची आहे आणि मालकाकडे फक्त भाडेपट्टा आहे, बहुधा 30 वर्षांचा. त्याची मुदत संपलीय का, नूतनीकरण झालंय का, मधल्या विक्रीत शर्तभंग झालाय का, हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नझूल शाखेतून लेखी घ्या. त्याचा खर्च कोण भरणार हे इसारपत्रातच लिहा.

वारस हा वाड्यांचा जुनाच आजार. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क मिळाला, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडील तेव्हा हयात होते की नाही याने फरक पडत नाही हे स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 च्या आधीचं नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा वाटणीचा हुकूमनामा असेल तर ती वाटणी शाबूत. लग्न होऊन रायपूरला गेलेल्या आत्यांची सही लागेलच. तोंडी "त्यांना काही नको" चालत नाही, नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. वारसांत अज्ञान (18 वर्षांखालचं) मूल असेल तर कोर्टाची परवानगी. एकाच भावाचा अविभक्त हिस्सा स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका: राहत्या कौटुंबिक घरात त्रयस्थ खरेदीदाराला सामाईक ताबा मागता येत नाही, वाटणीचा दावा लावावा लागतो.

मालकीच्या नोंदींचा 30 वर्षांचा सर्च, दोन दैनिकांत जाहीर नोटीस, घरटॅक्सची, पाण्याची आणि महावितरणची थकबाकी, हे वकील करतोच. तुम्ही नगररचना विभागातून रस्त्याची मार्गरेषा काढा. केळीबाग रोड आणि जुना भंडारा रोडच्या रुंदीकरणाचा घोळ शहराने पाहिलाय. रेषा दुकानातून जात असेल तर तुम्ही विकत घेताय तो पुढचा भाग नसणारच आहे. हेरिटेज वास्तूंच्या यादीत वाड्याचं नाव आहे का तेही बघा. असेल तर दर्शनी बदलाला हेरिटेज समितीची परवानगी लागते.

आता भिंती. दुकानदाराने शटर बसवायला दर्शनी भिंत कापलेली असते आणि वरच्या मजल्याचा भार एका लोखंडी गर्डरवर आलेला असतो. शटरची पेटी उघडायला लावा. गर्डरचं टोक भिंतीत किमान 8-9 इंच बसलेलं आणि त्याखाली दगड किंवा काँक्रीटचा ठोकळा हवा. नुसत्या विटांवर टेकवलं असेल तर विटा चुरतात आणि शटरच्या कोपऱ्यापासून वर तिरका तडा जातो. तो तडा रंगाखाली झाकलेला असतो. बॅटरी भिंतीला टेकवून आडवा उजेड टाका.

नागपूरची काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसात फुगते, म्हणून तडे मे महिन्यात उघडतात आणि ऑगस्टमध्ये मिटतात. घर दोन्ही ऋतूंत बघता आलं तर उत्तम. नाहीतर तड्यावर जिप्समची पट्टी लावून तारीख लिहा; महिन्या-दोन महिन्यांत पट्टी फुटली तर हालचाल चालू आहे. ओळंबा सोडा. भिंतीचा कल तिच्या जाडीच्या एक षष्ठांशाकडे गेला, म्हणजे 18 इंची भिंतीला 3 इंच, तर भार भिंतीच्या मधल्या एक तृतीयांशाच्या काठावर सरकलेला असतो. दीड इंच दिसताच स्ट्रक्चरल अभियंता बोलवा. शेजारचा वाडा पडला असेल तर सामाईक भिंतीची उघडी बाजू जरूर बघा.

सागवानाची तुळई मध्यात थोडी झुकली तर फार घाबरू नका, जुनं लाकूड झोळ खातंच. धोका टोकाला असतो, जिथे ती भिंतीत शिरते. तिथे टोच्याने दाबा: इंचभर सहज घुसला तर ओल किंवा वाळवीने आतून खाल्लंय. वरच्या मजल्यावर नंतर केलेल्या न्हाणीघराखालची तुळई हमखास सापडते. पाणी लाकडी तक्तपोशीत झिरपतं आणि खाली दुकानाच्या फॉल्स सीलिंगमुळे कोणाला दिसत नाही. एक चौकोन काढून बघू द्या, ही अट घाला.

चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा असेल तर ओल आत अडकते, लोणा (पांढरा क्षार) फुटतो आणि पोपडे पडतात. उपाय वॉटरप्रूफ रंग नाही. सिमेंट खरवडून चुना आणि रेतीचा 1:3 गिलावा करायचा. चुना आधी भिजवून मुरवलेला हवा, आणि उन्हाळ्यात नवा गिलावा आठवडाभर ओला ठेवायचा, नाहीतर तो भुरभुरतो.

वर जायचा जिना दुकानातून किंवा शेजारच्या बोळातून असेल तर येण्याजाण्याचा हक्क खरेदीखतात नकाशासह लिहून घ्या. नसेल तर शटर बंद झाल्यावर घर गाठायचं कसं? बँकेला आधीच विचारा, कारण जुन्या लाकडी बांधणीला आणि मिश्र वापराला गृहकर्ज सहजी मिळत नाही. खतात दुकान आणि घराचं क्षेत्र वेगळं मांडा. रेडी रेकनरचे (मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेले) दर वेगळे असतात, आणि महिलेच्या नावावरची मुद्रांक सवलत फक्त निवासी मिळकतीला आहे. नोंदणी शुल्क 1 टक्का, कमाल 30,000 रुपये. सौदा 50 लाख किंवा वर गेला तर 1 टक्का टीडीएस खरेदीदारानेच कापून भरायचा असतो.

ताबा मिळाला की त्याच आठवड्यात प्रत्येक भाडेकरूला नव्या मालकाचं पत्र पोचपावतीसह द्या आणि फेरफाराचा अर्ज टाका. छप्पर कवेलूंचं (कौलांचं) असेल तर जूनच्या आधी ते फेरून घ्या. जुन्या मापाचे कवेलू दुकानात मिळत नाहीत. पाडल्या जाणाऱ्या घरांतून शे-दोनशे उचलून ठेवा.