फिन-फॅन कूलरची वाट लावणाऱ्या चुका, या टाळा

फिन-फॅन कूलर म्हणजे प्लांटमधला गरम माल पातळ पट्ट्या (फिन) लावलेल्या नळ्यांतून नेऊन पंख्याच्या हवेने गार करणारं यंत्र. मे महिना आला की ठरलेला फोन येतो, "साहेब आउटलेट टेम्परेचर वर चाललंय, पंख्याच्या पात्यांचा अँगल वाढवू का?" अरे बाबा, आधी खाली जाऊन बंडल, म्हणजे त्या नळ्यांचा गठ्ठा, बघ तरी. फोर्स्ड ड्राफ्टमध्ये, म्हणजे खालून हवा ढकलणाऱ्या कूलरमध्ये, पंखा खाली असतो, धूळ-किडे-कचरा सगळं खालच्या रांगेत जाऊन बसतं आणि वरून बघणाऱ्याला सगळं चकाचक दिसतं. तसाच अँगल वाढवलास तर मोटरचे अँपिअर वाढतील, हवा वाढेल नावापुरती.

आता धुण्याबद्दल, कारण यात मी पोळलोय. एका शटडाऊनला मी दोन दिवस रजेवर गेलो, इकडे शेल-ट्यूबसाठी (दुसऱ्या प्रकारच्या कूलरसाठी) आलेली हायड्रोजेटवाली, म्हणजे जबरदस्त दाबाच्या पाण्याने धुणारी, पोरं मोकळी होती म्हणून कोणीतरी म्हणालं, हेही उरकून घ्या. त्यांनी तीच गन तिरकी धरून फिनवर फिरवली. ॲल्युमिनियमची फिन ती, अर्धा मिलिमीटरसुद्धा जाड नाही, इंचाला 10-11, वादळात गहू आडवा होतो तशा सगळ्या झोपल्या. बंडल एकदम स्वच्छ, फक्त हवा जायला जागा नाही! प्लांट चालू झाला तर आउटलेट आधीपेक्षा 8 डिग्री जास्त. फिनचा कंगवा घेऊन तिघं जण चार दिवस बसलो, वरची रांग सरळ झाली, आतल्या रांगांपर्यंत कंगवा पोचतच नाही. शेवटी बंडल बदललं.

तेव्हापासून कमी प्रेशर, पसरट फवारा, लान्स (फवाऱ्याची नळी) बंडलला काटकोनात, आणि पाणी हवेच्या उलट दिशेने, म्हणजे इथे वरून खाली. तेही बंडल गार झाल्यावर, गरम फिनवर पाणी मारलं की क्षार तिथेच भाजून बसतात. खारं पाणी तर नकोच. फिनवर पाय देऊन चालायचं नाही, फळी टाका.

पंखा फिरवणाऱ्या तीन बेल्टमधला एकच बदलू नका, सेट बदला.

हेडरचा (नळ्यांच्या टोकाच्या पेटीचा) प्लग गळतोय म्हणून चालू लाईनवर पाना लावणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत. प्रेशर काढा, प्लग खोला, गॅस्केट नवीन टाका, जुनं परत नाही.

पंखा बंद म्हणजे थांबलेला असं नाही. शेजारचा चालू असला की हा उलटा फिरत राहतो, म्हणून मोटरची वीज तोडून लॉक लावल्यावरही मी पातं दोरीने बांधतो, लोक हसतात, हसू देत.

आणि व्हायब्रेशन स्विच (जास्त थरथरलं की पंखा बंद करणारा) सारखा ट्रिप होतो म्हणून बायपास करायचा नसतो, आधी सगळ्या पात्यांचा अँगल एकसारखा आहे का ते मोजा. आमच्याकडे एकदा स्विचला वायर मारलेली सापडली, कोणी मारली ते अजून कोणी सांगितलेलं नाही.