फोन भावाचा, वकीलपत्र कोणाचं?

इच्छेविरुद्ध मनोरुग्णालयात ठेवलेल्या माणसाची वकिली करताना पहिला फोन रुग्णाचा येत नाही. येतो तो भावाचा, नाहीतर सासऱ्याचा. 'साहेब, डोक्यावर परिणाम झालाय, कागदाचं तेवढं बघा.' माझ्या पहिल्या प्रकरणात नेमणूक जळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून आली होती, म्हणजे अशील रुग्णच. तरी मी आधी दवाखान्याच्या फाटकावर भावाबरोबर चहा घेतला, त्याची सगळी हकिगत वहीत उतरवली आणि मग वॉर्डात गेलो. अशिलाने खिडकीतून ते पाहिलं होतं. त्याने विचारलं, 'तू मना वकील शे का मना भाऊना?'

तो विश्वास परत मिळवायला मला तीन भेटी लागल्या. म्हणून नव्या वकिलांना सांगतो, आधी अशिलाला भेटा, तेही नातेवाईक बाहेर ठेवून. त्याला घरी जायचं असेल तर तेच मांडायचं. त्याचं हित कशात आहे, हे सांगायला तिथे बाकी सगळे आहेतच.

जुने वकील अजून 'मॅजिस्ट्रेटची ऑर्डर आणा' म्हणतात. ती 1987 च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्याची सवय. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे आणि त्यात बहुतेक भांडण कलम 89 वर होतं. इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे उपचारांच्या निर्णयात रुग्णाच्या बाजूने उभं राहायला नेमलेल्या माणसाचा, अर्ज हवा आणि दोघांनी स्वतंत्रपणे तपासलेलं हवं. त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञच. ही तपासणी दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या 7 दिवसांत झालेली हवी. मुदत जास्तीत जास्त 30 दिवस; त्यापुढे ठेवायचं तर कलम 90. केसपेपर मागा आणि तारखा बोट ठेवून वाचा. माझ्या अशिलाच्या दुसऱ्या तपासणीच्या कागदावर नुसती सही होती, काय आढळलं याची एक ओळ नव्हती.

प्रतिनिधी म्हणून अर्थात भावाचं नाव होतं. घरात केळीच्या शेताची वाटणी चालू होती, हे मला भावाने नाही, अशिलाने सांगितलं. त्यावरून भाऊ खोटा ठरत नाही; माणूस खरंच आजारीही असू शकतो. पण आपला प्रतिनिधी आपण नेमता येतो, साध्या कागदावर, सही किंवा अंगठ्याने. अशिलाने मामाचं नाव लिहिलं.

मग याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज. फी नाही, सुनावणी बंद दाराआड, आणि कलम 89 वरच्या आक्षेपाचा निर्णय 7 दिवसांत. त्याविरुद्ध 30 दिवसांत उच्च न्यायालय. जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी औरंगाबाद खंडपीठ. मनोरुग्णालयात ठेवलेल्या माणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. कोणी दाखला मागत बसलं तर विधी सेवा कायद्याचं कलम 12 दाखवा.

भाषेचं मात्र कोणी शिकवत नाही. नंदुरबारकडचा भिली किंवा पावरी बोलणारा माणूस प्रमाण मराठीतल्या प्रश्नांना गप्प राहिला की 'प्रतिसाद देत नाही' असं लिहून मोकळे होतात. समजेल अशा भाषेत माहिती मिळणं हा हक्क आहे. दुभाषा मागा, आणि मागितला हे अर्जात लिहा.

माझ्या प्रकरणात सुनावणी झालीच नाही. आदल्या दिवशी दवाखान्याने त्याला स्वेच्छेने दाखल रुग्ण म्हणून नोंदवलं. आता निघू शकतोस, मी म्हटलं. तो म्हणाला, झोप लागायला लागलीय, राहतो अजून थोडे दिवस. फॉर्मवर सही त्याचीच होती.