जुन्या पद्मिनीचं वॉटर पंप गॅस्केट घरी कापताना

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या वॉटर पंपाचं गॅस्केट (सांध्यातून पाणी झिरपू नये म्हणून मध्ये बसवायचा पातळ थर) तयार मिळालं नाही, तर ०.८ मिमीचा गॅस्केट पेपर आणा. आधी पंपाची कड खरवडून साफ करा. कडेवर ग्रीसचा पातळ हात फिरवून पेपर दाबला की ठसा उमटतो. बोल्टची भोकं आधी पाडा, पंचने, बोल्टपेक्षा किंचित मोठी. त्यांत बोल्ट अडकवले की पेपर सरकत नाही; मग आतली-बाहेरची कड कापा. कडेवर हातोडी ठोकून कापायची जुनी सवय अॅल्युमिनियमवर नको, धार दबते आणि तिथूनच पाणी झिरपतं.

फ्युएल पंपाखालच्या गॅस्केटची मात्र मूळ जाडीच ठेवा. जाड पेपरने पंपाचा स्ट्रोक (दांड्याची मागेपुढे हालचाल) घटतो, पेट्रोल कमी पडतं. हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं) घरी कापू नका.