स्पीकरची जागा कानाने ठरवताना या चुका टाळा

नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या फ्लॅटचा हॉल दहा बाय चौदा फुटांचा. गेल्या हिवाळ्यात तिथे नवे बुकशेल्फ स्पीकर आणले आणि बहुतेक घरांत लावतात तसेच लावले. टीव्ही युनिटच्या दोन टोकांना, कोपऱ्यात, पाठ भिंतीला टेकवून. बसायला समोरच्या भिंतीला लागून दिवाण. आठवड्याभराने खालच्या मजल्यावरचे काका आले. त्यांची अख्खी हयात तबला वाजवण्यात गेली आहे. एक विलंबित ख्याल लावला. दोन आवर्तनं ऐकून ते म्हणाले, "अरे, हा डग्गा नाही, ढोल वाजून राहिला. अन् गाणारा कुठं बसला हेच समजून नाही राहिलं."

त्यानंतरचे तीन रविवार आम्ही दोघांनी फक्त स्पीकर सरकवण्यात घालवले. वायर, अँप्लिफायर, स्पीकर, काहीही बदललं नाही. तिसऱ्या रविवारी त्याच ख्यालातल्या डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या डाव्या वाद्याचा, सूर ओळखू येऊ लागला आणि गाणारा दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, भिंतीच्या थोडा मागे बसल्यासारखा वाटू लागला. त्या तीन रविवारांत ज्या चुका आम्ही केल्या, आणि ज्या मला नंतर ओळखीच्या घरांतही दिसल्या, त्या इथे लिहितो.

आठवणीवर तुलना करणं

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. सकाळी एक गाणं ऐकायचं, दुपारी स्पीकर हलवायचे, संध्याकाळी दुसरंच काहीतरी लावून "आता बरं वाटतंय" म्हणायचं. आवाजाचे बारकावे कानात फार वेळ टिकत नाहीत. चाल आठवते, शब्द आठवतात, पण खर्ज किती भरीव होता किंवा सा कुठून येत होता, ते पाच मिनिटांतच पुसट होतं. म्हणून एकाच रेकॉर्डिंगमधला तीस-चाळीस सेकंदांचा एकच तुकडा घ्या. ऐका, लगेच सरकवा, पुन्हा तोच तुकडा ऐका. आमच्याकडे काका खुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि मी सरकवायचो. स्पीकर कुठे ठेवला ते मी सांगायचो नाही, ते फक्त आकडा बोलायचे: एक बरा की दोन. कधी कधी मी स्पीकर जागचा हलवलाच नाही, नुसता हात लावून मागे आलो. तेव्हाही "दोन बरा" असं उत्तर आलं की समजायचं, कान थकले, आजच्यापुरतं पुरे. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ ही तुलना नीट होत नाही.

आवाज मोठा झाला, त्याला चांगला समजणं

थोडा मोठा आवाज माणसाला नेहमीच जास्त भरलेला वाटतो. कमी आवाजात आपला कान खर्जाला मंद असतो आणि आवाज वाढवला की खर्ज वर येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं होतं. स्पीकर भिंतीजवळ गेला की तो आपोआप मोठा वाजतो, त्यामुळे भिंतीजवळची जागा पहिल्या फेरीत दर वेळी जिंकते. फोनवर डेसिबल मोजणारं ॲप घ्या, पिंक नॉइज (खालचे-वरचे सगळे सूर मिसळलेला एकसारखा सळसळाट) लावा आणि प्रत्येक जागी खुर्चीपाशी आकडा अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवून मगच गाणं लावा. फोनचा आकडा अचूक नसला तरी चालतो, कारण आपल्याला दोन जागांमधला फरकच हवा असतो.

याच्याच सोबतची चूक म्हणजे एका वेळी दोन गोष्टी बदलणं. स्पीकर पुढेही आणला आणि आत वळवलाही, तर फरक कशाने पडला हे कोणालाच सांगता येणार नाही. आधी मागच्या भिंतीपासूनचं अंतर ठरवा, मग दोन स्पीकरमधलं अंतर, मग वळण, शेवटी उंची. पहिल्यांदा फुटाफुटाने सरका, मग वितीने, मग बोटाबोटाने.

कोपरा आणि भिंत

खर्जाच्या लाटा लांब असतात. त्या स्पीकरच्या पुढेच नाही, चहूकडे पसरतात. मागे भिंत असली की मागे गेलेला आवाज परत पुढे येतो आणि खर्ज वाढतो. प्रत्येक भिंत त्यात सहा डेसिबलपर्यंत भर घालू शकते. कोपऱ्यात दोन भिंती आणि एक फरशी, अशी तिहेरी भर पडते. काकांना ऐकू आलेला ढोल तो हाच.

पण भिंतीपासून दूर न्यायचा म्हटलं की दुसरी अडचण येते. मागे जाऊन परत येणारी लाट एका ठरावीक सुरावर पुढच्या लाटेच्या बरोबर उलट पडते आणि तो सूर गिळला जातो. स्पीकरचं तोंड भिंतीपासून दोन फुटांवर असेल तर हा खड्डा साधारण १४० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला १४० कंपनांच्या सुरावर, पडतो, तीन फुटांवर असेल तर ९५ च्या आसपास. हा खड्डा पूर्ण जात नाही, फक्त सरकतो. म्हणून मागच्या भिंतीपासूनचं अंतर आणि बाजूच्या भिंतीपासूनचं अंतर कधीही सारखं ठेवू नका. सारखं ठेवलं की दोन्ही खड्डे एकाच सुरावर पडतात. आमचे स्पीकर आता मागून पावणेतीन फूट आणि बाजूने दोन फूट आहेत.

पहिला अंदाज घ्यायला एक जुनी युक्ती आहे, पैसे लागत नाहीत. एकाने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि एकाच पट्टीत बोलत बोलत हळूहळू पुढे यायचं. दुसऱ्याने खुर्चीत बसून ऐकायचं. भिंतीशी आवाज पिंपातून आल्यासारखा जाड असतो. थोडं पुढे आलं की एका जागी तो एकदम मोकळा होतो, माणूस समोर उभा राहून बोलतोय असा. तिथे खडूने खूण करा आणि स्पीकरची सुरुवात तिथून करा.

डग्ग्याला परीक्षक नेमा

ढोलकीच्या ठेक्याचं नाहीतर डीजेचं गाणं लावून स्पीकर जुळवणारे बरेच असतात. त्यात खर्ज सतत चालू असतो, त्यामुळे कुठला सूर फुगला ते कळत नाही. मी विलंबित एकतालातला तबला लावतो. डग्ग्यावर तळहाताचा दाब वाढवत वाजवणारा सूर खालून वर ओढत नेतो, तो क्षण कान देऊन ऐकायचा. तो सूर एकाच वजनाने वर चढायला हवा. चढता चढता एका जागी "घुम्म" करून सुजला आणि पुढे पुन्हा बारीक झाला, तर तो डग्ग्याचा गुण नाही, खोलीचा दोष आहे.

खोलीचा दोष म्हणजे काय ते आकड्यांत सांगतो. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये काही ठरावीक सूर अडकून घुमतात. सर्वांत खालचा सूर काढायला आवाजाचा वेग, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४५ मीटर, भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागायचा. चौदा फुटांच्या लांबीला हा साधारण ४० हर्ट्झ येतो आणि दहा फुटांच्या रुंदीला ५७. आमच्याकडे छतही दहा फुटांवर आहे, म्हणजे ५७ हर्ट्झचा सूर दोन दिशांनी घुमतो. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये दहा फूट छत आणि दहा फूट रुंदी ही जोडी खूप ठिकाणी सापडते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. खोली बदलता येत नाही, पण स्पीकर आणि खुर्ची कुठे आहेत त्यावर हा सूर किती उठेल ते ठरतं.

इथेच आमचा दिवाण आडवा आला. भिंतीला टेकून बसलं की डोकं अशा जागी जातं जिथे हे सगळे सूर सर्वांत जास्त दाटलेले असतात. बरोबर खोलीच्या मध्यावर बसलं तर पहिला सूर जवळपास नाहीसा होतो, तेही नको. लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर, म्हणजे आमच्या हॉलमध्ये दिवाणाच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर, सर्वांत समतोल वाटलं. हॉलच्या मधोमध कायमची खुर्ची घरात कोणाला चालणार नाही, म्हणून ऐकायच्या वेळेपुरती घडीची खुर्ची उघडतो. दिवाण जागेवर आहे. पाहुणे तिथेच बसतात.

टाइल्सचा आलेख कागद

अंतर डोळ्यांनी ठरवू नका. नव्या फ्लॅटमध्ये बहुधा दोन बाय दोन फुटांच्या टाइल्स असतात, म्हणजे जमिनीवर आलेख कागद आखूनच ठेवलेला आहे. आमचा डावा स्पीकर "भिंतीपासून एक टाइल आणि एक वीत" असा वहीत लिहिलेला आहे. खुर्चीपासून दोन्ही स्पीकरपर्यंत सुतळी ताणून मापून घ्या, दोन्ही अंतरं बोटभराच्या आत जुळली पाहिजेत. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा त्रिकोण समभुज किंवा थोडा लांबट असावा. दोन स्पीकर फार लांब गेले की गाणाऱ्याच्या जागी मधोमध पोकळी पडते.

मध्य बरोबर आहे का ते पाहायला जुनी नाट्यगीतं लावा. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरचं ते ध्वनिमुद्रण मोनो आहे, दोन्ही स्पीकरमधून अगदी एकच आवाज येतो. बाजारात स्टिरिओ (दोन स्पीकरना वेगवेगळा आवाज देणाऱ्या) लाँगप्ले तबकड्या आल्या त्या १९५८ पासून. मोनो आवाज एका बिंदूतून यायला हवा. तो हातभर रुंद पसरला असेल तर स्पीकर एकेका बोटाने आत वळवत जा. आवाज आवळत येतो आणि मग एका वळणानंतर शब्दांतल्या 'स' या अक्षरावर टोचायला लागतो, तिथून किंचित मागे या. बसल्यावर कान आणि ट्वीटर (स्पीकरमधला बारीक, वरच्या सुरांचा छोटा भाग) एका उंचीवर हवेत. सतरंजीवर लोडाला टेकून ऐकणाऱ्यांनी ही उंची जमिनीवर बसूनच मापावी.

गाणारा एका बाजूला सरकला तर

अंदाज बांधण्याआधी हे करा. अँप्लिफायर बंद करा आणि त्याच्या मागून स्पीकरकडे जाणाऱ्या डाव्या-उजव्या वायरची अदलाबदल करा. गाणारा दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष अँप्लिफायरमध्ये किंवा त्याच्याही आधी आहे. तो तिथेच राहिला, तर वायर पुन्हा जागेवर लावून दोन्ही स्पीकरच उचलून अदलाबदल करा. आता सरकला तर स्पीकरमध्ये खोट आहे, नाही सरकला तर खोलीत. आमच्याकडे खोलीत होती. डावीकडे खिडकीचा जाड पडदा, उजवीकडे शोकेसची काच. शोकेसच्या काचेवर कापडी पडदा टाकल्याबरोबर आवाज मध्ये आला.

आवाज एका बाजूला न सरकता सगळीकडून आल्यासारखा वाटत असेल आणि खर्ज पातळ पडला असेल, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागलेली असण्याची शक्यता मोठी. माझ्या एका मित्राकडे लावायला आलेल्या माणसाने तसंच जोडून दिलं होतं. मित्र वर्षभर स्पीकरला दोष देत राहिला, दुरुस्तीला दोन मिनिटं लागली.

कूलर चालू असताना जुळवणी करू नका

हे खास आपल्या गावासाठी. एप्रिल लागला की नागपुरात खिडकीत कूलर बसतो, आणि त्याचा पंखा चालू असताना सुरांच्या शेवटची शेपटी, तानपुऱ्याची जवारी, खोलीतला घुमारा, काहीच ऐकू येत नाही. तुलना करायची तर हिवाळ्यात करा, उन्हाळ्यातच करायची झाली तर पहाटे, कूलर आणि पंखा दोन्ही बंद ठेवून. कूलर बसवल्यावर मात्र एकदा तपासा. फोनवरून २० ते २०० हर्ट्झचा हळूहळू चढणारा सूर लावा आणि घरात फिरा. आमच्याकडे कूलरचा पत्रा एका सुरावर थरथरायचा, लोखंडी कपाटाचं हँडल दुसऱ्या, आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या तिसऱ्या. ही सगळी खरखर आपण स्पीकरच्या नावावर घालतो. पत्र्याखाली रबराची पट्टी घातली, ताटल्यांमध्ये कापड घातलं.

टीव्ही युनिटचा पोकळ प्लायवूडही असाच वाजतो. मी स्पीकर तिथून काढून भक्कम स्टुलांवर ठेवले, वर ओट्याच्या उरलेल्या ग्रॅनाइटचा एकेक तुकडा. आणि हॉल रिकामा, गुळगुळीत फरशीचा असेल तर एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीमागून "टर्रर" असा आवाज आला तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकत आहेत. स्पीकर आणि खुर्ची यांच्या मध्ये सतरंजी आणि एका भिंतीवर पुस्तकांचं कपाट, एवढ्याने आमच्याकडे भागलं.

प्रमाण कुठलं धरायचं

डग्गा खरा कसा बोलतो हे कानात नसेल तर कुठलीही जागा बरी वाटते. देशपांडे सभागृहात किंवा रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात मैफिली होतात त्या जरूर ऐका, पण तिथला तबला मायक्रोफोनमधून, मोठ्या स्पीकरमधून येतो, त्याला प्रमाण धरू नका. कोणाच्या घरी बिनमाइकची बैठक असेल तर सहा-सात फुटांवर बसून ऐका. मी काकांच्या खोलीत बसून त्यांचा ठेका ऐकतो आणि लगेच जिना चढून वर येऊन रेकॉर्डिंग लावतो. वर जाईपर्यंत कानात जे टिकतं, तेवढंच तुलनेला वापरतो.

शेवटची जागा ठरली की खडूवर भरवसा ठेवू नका. दिवाळीच्या साफसफाईत आमच्या खुणा पुसल्या गेल्या, स्टूल हलले आणि पुन्हा एक रविवार गेला. आता स्टुलाच्या प्रत्येक पायाशी टाइलच्या सांध्यात नेलपॉलिशचा बारीक लाल ठिपका आहे. फरशी पुसली तरी तो जात नाही.